सोन्यामागे धावलेल्यांत जास्त हाल कुणाचे झाले?

पऱ्याकाठचा

नमस्कार मंडळी. विषय जरा लांबचा आहे पण इथे बोटीवर काम केलेले, शिक्षक, खाणीवर राबलेले असे सगळेच येतात म्हणून इथेच विचारतो.

आमच्या गावच्या वाचनालयात महिन्याच्या शेवटच्या रविवारी मुलांना गोष्टी सांगतो आम्ही. संगमेश्वर तालुक्यातलं छोटं गाव, पंधरावीस पोरं येतात, वीज गेली तरी बसून राहतात. मागच्या वेळी सातवीतल्या एका मुलीने विचारलं की काका, नदीच्या वाळूत सोनं सापडतं म्हणतात मग आपल्या बावनदीत का नाही सापडत? तिला एवढंच सांगितलं की आपला सह्याद्री म्हणजे थिजलेला लाव्हा, काळा कातळ, आणि सोनं बहुतेक येतं ते त्याहून कितीतरी जुन्या खडकातल्या गारेच्या (क्वार्ट्झच्या) शिरांमधून, त्या शिरा झिजल्या की कण नदीत उतरतात, आपल्या कातळात त्या शिराच नाहीत. पण पोरगी थांबेना, मग जिथे सापडलं तिथे काय झालं म्हणाली, आणि तेव्हापासून मी वाचायला बसलो तो तीन आठवडे त्यातच आहे.

माझं मत आधी सांगतो, सगळ्यात भयंकर क्लोंडाइक. कॅनडाचा पार वायव्य कोपरा, अलास्काला लागून. १६ ऑगस्ट १८९६ ला तिथल्या एका ओढ्यात सोनं दिसलं, बातमी बाहेर पोचायला जवळजवळ वर्ष गेलं, जुलै १८९७ मध्ये सोनं घेऊन दोन बोटी सॅन फ्रान्सिस्को आणि सिॲटलला लागल्या आणि लाखभर माणसं उठून निघाली. कॅनडाच्या पोलिसांनी नियम केला की वर्षभराचा शिधा सोबत असेल तरच हद्दीत घेणार, म्हणजे हत्यारं-तंबू धरून माणशी जवळजवळ टनभर ओझं. आणि वाटेत चिलकूट खिंड. शेवटच्या चढाला बर्फात कोरलेल्या दीड हजार पायऱ्या, पाठीवर एका वेळी पंचवीस-तीस किलो, म्हणजे त्याच चढाच्या तीस-चाळीस खेपा. प्रचितगडाची वाट ज्यांनी चढलीय त्यांनी ती पाठीवर तांदळाचा कट्टा घेऊन, हिमवादळात, तीस वेळा चढायची कल्पना करावी. ३ एप्रिल १८९८ ला त्या वाटेवर बर्फाचा कडा कोसळला आणि साठाहून जास्त माणसं गाडली गेली. शेजारच्या व्हाइट पासच्या वाटेवर तीन हजार घोडे मेले, पाय मोडून, उपाशी, ओझ्याखाली, त्या वाटेचं नावच मेलेल्या घोड्यांची वाट पडलं.

एवढं करून पोचले तीस-चाळीस हजार, आणि चांगले ओढे तर १८९६-९७ मध्येच आधीच्या लोकांनी नावावर करून घेतलेले. सोनं सापडलं असे चारेक हजारच. जमीन बारा महिने गोठलेली, कुदळ लागत नाही, रात्री खड्ड्यात लाकडं पेटवायची, सकाळी वितळलेला गाळ उपसायचा, परत पेटवायची, असं करत विहिरीएवढं खाली जायचं आणि उपसलेला ढीग वसंतात पाणी सुटल्यावर धुवायचा. म्हणजे हिवाळाभर आपण सोनं उपसतोय की माती हे कळायला मार्ग नाही!

हे सगळं मी घरी मोठ्याने वाचत होतो. आई ब्याऐंशी वर्षांची आहे, तांदूळ निवडत ऐकत होती. म्हणाली, "अरे पण नको झालं तर मागे फिरता येत होतं ना त्यांना? मग ते सगळ्यात वाईट कसं?"

याला उत्तर मला सुचलं नाही. अर्ध्यातून परत फिरलेले पुष्कळ होते हे खरंच. तर क्लोंडाइक, त्याआधीचं १८४९ चं कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, तुमच्या मते जास्त हाल कुठे झाले आणि मुलांना मी नेमकं काय सांगू? दीड-दोन तास मिळतात.

जुना_खलाशी

मी एकतीस वर्षं बोटीवर होतो, आता दाभोळला घरीच असतो. क्लोंडाइकचं छान लिहिलंत पण कॅलिफोर्नियाला तुम्ही नुसतं नावाला ठेवलंत ते पटलं नाही, कारण तिथल्या हजारो लोकांचे हाल सोन्याजवळ पोचायच्या आधी पाण्यावरच झालेत.

२४ जानेवारी १८४८ ला कोलोमा इथे सटर नावाच्या माणसाच्या लाकूडगिरणीच्या पाटात जेम्स मार्शलला सोनं दिसलं. तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून पश्चिमेला जायला ना रेल्वे ना पनामा कालवा. गाडीवाटेने जमिनीवरून जाणारे कॉलऱ्याने मेले, १८४९-५० ला त्या वाटेवर जागोजाग थडगी होती. समुद्राची एक वाट दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून, केप हॉर्नवरून, पाच ते आठ महिने. ते टोक मी एकदा ओलांडलंय, तेही इंजिनाच्या मोठ्या बोटीने, आणि तिथला समोरून येणारा पश्चिमेचा वारा आणि लाट काय असते ते बघितलंय. शिडाची बोट तिथे दिवसच्या दिवस झुंजत राहायची आणि मागेच ढकलली जायची. पिंपातलं पाणी वास मारणारं, बिस्किटात किडे, आणि आत बसलेला माणूस कोण तर कारकून, शेतकरी, शिंपी, ज्याने आयुष्यात समुद्र बघितलेला नाही.

दुसरी वाट पनामाची. अटलांटिकच्या बाजूला उतरायचं, चाग्रेस नदीतून होडीने वर जायचं, मग खेचरावरून जंगल पार करून पनामा शहर गाठायचं. अंतर म्हणाल तर चिपळूण ते रत्नागिरीएवढंच काहीतरी. पण हिवताप, पीतज्वर, कॉलरा यांनी माणसं तिथेच गेली आणि जी वाचली ती पलीकडच्या किनाऱ्यावर बोटीची वाट बघत आठवडेच्या आठवडे बसून राहिली. तिथे रेल्वे झाली १८५५ मध्ये, तोवर खरी गर्दी सरत आली होती.

आता आईंचा प्रश्न. आईंना माझा नमस्कार सांगा, त्यांनी नेमकं विचारलंय. मागे फिरायचं तर कसं? १८४९-५० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात शेकडो बोटी नांगरून तशाच पडून होत्या, कारण बोट लागल्याबरोबर खलाशी सोन्याकडे पळाले, कुठे कुठे कप्तानसुद्धा. बोट परत न्यायला माणूसच उरला नाही. मग काही बोटी किनाऱ्याला ओढून त्यांची गोदामं केली, एकीचा तुरुंग केला, नायँटिक नावाच्या बोटीचं दुकान आणि हॉटेल झालं, आणि भराव टाकत टाकत शहर त्यांच्या अंगावरून पुढे सरकलं. १९७८ मध्ये इमारतीचा पाया खणताना त्या नायँटिकचा तळ परत सापडला. मी त्या रस्त्यांवरून चाललोय, वर बँकांच्या उंच इमारती आणि पायाखाली बोटी. आमच्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढून झापांनी शाकारून ठेवतात पण त्या नारळी पुनवेला परत दर्यात जायच्या असतात, त्यामुळे हे ऐकलं तेव्हा माझ्या पोटात कसंतरी झालं होतं, आजही होतं.

अजून एक, खाण्याचं. खारवलेलं डुकराचं मांस, पीठ, घेवड्याचे दाणे, महिनोन्महिने हेच. ताजी भाजी नाही, फळ नाही, मग स्कर्व्ही. हिरड्या सुजून रक्त येतं, दात हलतात, जुनी भरलेली जखम पुन्हा उघडते. हा रोग आम्हा बोटीवाल्यांचा मानतात पण कॅलिफोर्नियाच्या आणि तुमच्या क्लोंडाइकच्या डोंगरातही तो होता. कॅलिफोर्नियात एक रानभाजी हे लोक कच्ची खायचे, तिला आजही खाणवाल्यांचं लेट्युस म्हणतात. परसात आवळा आणि लिंबू असणाऱ्या पोरांना हे सांगा, लगेच समजेल.

भूगोल_शिकवते

दोघांचंही मन लावून वाचलं. मी सावंतवाडीकडे शाळेत आहे, नववीला भूगोल असतो माझ्याकडे. आईंचा प्रश्न मला रात्रभर पुरला, कारण आपण सगळे जे घर सोडून तिकडे गेले त्यांचंच बोलतोय आणि ज्यांचं घरच तिथे होतं ते राहून गेले.

कॅलिफोर्नियाचे मूळ रहिवासी १८४८ च्या सुमाराला दीड लाखाच्या आसपास होते, १८७० पर्यंत तीसेक हजार उरले. रोग, उपासमार आणि सरळ सरळ कत्तली, त्या करणाऱ्या टोळ्यांचा खर्च राज्याच्या तिजोरीतून दिला गेला. नद्या गढूळ झाल्या म्हणजे त्यांचा सामन मासा गेला, ओक तोडले म्हणजे त्यांचं वर्षाचं धान्य गेलं, कारण ओकच्या फळांचं पीठ हेच त्यांचं मुख्य अन्न. क्लोंडाइकलाही तेच. डॉसन शहर उभं राहिलं ते जिथे नदीच्या तोंडाशी तिथले लोक मासे धरायचे त्या जागेच्या शेजारी, शेवटी त्यांचा प्रमुख आयझॅक आपल्या माणसांना घेऊन काही किलोमीटर खाली मूसहाइडला गेला. यांना मागे फिरायला जागा कुठली? मुलांना हे नक्की सांगा, दहा मिनिटं का होईना.

आणि चिनी लोक. कॅलिफोर्नियात १८५० मध्ये परदेशी खाणवाल्यांवर महिना २० डॉलर कर बसवला, तो पुढे काढला आणि १८५२ ला महिना ३ डॉलरचा आणला तो मुख्यतः चिन्यांच्या मागे लागून वसूल केला. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया सरकारने १८५५ मध्ये बंदरावर उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर १० पौंड लावले, तर बोटवाले त्यांना शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियात रोब नावाच्या बंदरात उतरवायला लागले आणि तिथून ही माणसं कावडी खांद्यावर घेऊन चारशेहून जास्त किलोमीटर चालत सोन्याच्या भागात गेली. दोनतीन वर्षांत पंधरा हजारांवर माणसं त्या वाटेने गेली. बहुतेक कर्ज काढून आलेली, ते फेडल्याशिवाय घरी तोंड दाखवता येत नाही. कर्ज डोक्यावर असलेल्याला कुणी अडवत नसतं हो, पण तो परत जाऊ शकत नाही. मुंबईला गेलेल्या आपल्या कितीतरी घरांना हे वेगळं सांगायला नको.

ऑस्ट्रेलियात गोऱ्या खाणवाल्यांनाही सोनं मिळो न मिळो, परवान्याचे महिना ३० शिलिंग भरावे लागायचे आणि पोलीस धाडी घालून परवाना तपासायचे. त्यातूनच बॅलराटला युरेका स्टॉकेडचा उठाव झाला, ३ डिसेंबर १८५४ ला पहाटे सैन्य चालून आलं, वीसहून जास्त खाणवाले मेले. पुढच्याच वर्षी तो परवाना गेला आणि वर्षाला १ पौंडात सोनं खणायचा हक्क आला. पुढारी पीटर लेलरचा हात त्यात गेला, तोच माणूस नंतर विधिमंडळात निवडून आला.

तुम्हाला थंडीचं वाटतं तसं मला पाण्याचं वाटतं. पश्चिम ऑस्ट्रेलियात १८९२ ला कूलगार्डी, १८९३ ला कालगुर्ली, सगळं वाळवंट. खाऱ्या तळ्यांचं पाणी उकळून, वाफ थंड करून विकत घ्यायचं. आंघोळीचा प्रश्नच नाही, घाण तशीच, आणि टायफॉइडने तरणीताठी माणसं गेली. ओझी वाहायला उंट आणले ते कराचीहून, उंटवाल्यांसकट, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं बरं का. शेवटी ओकॉनर नावाच्या इंजिनियरने सव्वापाचशे किलोमीटरच्या वर नळ टाकून पाणी डोंगरावर चढवलं. १९०३ ला पाणी पोचलं. त्याच्यावर एवढी टीका झाली होती की त्याने आदल्या वर्षीच जीव दिला.

चिरेखाणीवरचो

माका जा म्हायत आसा ता सांगतंय, चुकला तर माफ करा. बाकी सगळ्यांका कळूक व्हया म्हणान पुढचा पुस्तकी मराठीत लिहितंय.

तुम्ही सगळे नदीतल्या सोन्याचं बोलताय. नदीतलं सोनं परातीने धुवून मिळतं, माणूस स्वतःचा मालक असतो, उघड्यावर असतो. कॅलिफोर्नियात १८४८ ला दिवसाला वीसेक डॉलर मिळायचे ते १८५६ पर्यंत तीनेकवर आले असं वाचलंय, म्हणजे वरचं सोनं आठ वर्षांत संपलं आणि मग माणूस कंपनीच्या रोजंदारीवर गेला. माझ्या मते खरे हाल तिथून सुरू होतात आणि त्याला कुणी रश, म्हणजे सोन्यामागची धाव, म्हणत नाही.

दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ १८८६ ला सोनं सापडलं ते खडकात पेरल्यासारखं, टनामागे काही ग्रॅम, डोळ्याला दिसतसुद्धा नाही. एवढ्याशा सोन्यासाठी खडक फोडायचा, दळायचा, सायनाइडच्या पाण्यात विरघळवून सोनं काढायचं. तो खडक गारेचा. मशीनची ड्रिल आली तशी गारेची धूळ पिठासारखी उडायला लागली, ती छातीत गेली की परत निघत नाही. इंग्लंडहून आलेले ड्रिलवाले काही वर्षांत खोकून मेले, पंचविशी-तिशीतली माणसं. मग पाणी मारत ड्रिल करायची पद्धत आली. पण काळे मजूर आजारी पडले की गावी पाठवून द्यायचे, तिथे तो मेला तर तो खाणीच्या हिशेबात धरलाच नाही. आता आईंना सांगा, हा माणूस मागे फिरला होता. घरी पोचला होता.

आपल्याकडे कर्नाटकातली कोलारची सोन्याची खाण बघा. जॉन टेलर कंपनीने १८८० ला काम चालू केलं, खाली जात जात तीन किलोमीटरच्या पुढे गेले, तिथे खडकच हाताला चटका देणारा. शिवसमुद्रम धबधब्यावरून १९०२ ला वीज आली ती खाणीसाठी. वरून एवढा दाब की खडक आपोआप फुटायचा, बाँबसारखा, माणसं आत. २८ फेब्रुवारी २००१ ला खाण बंद झाली. सायनाइडच्या गाळाचे डोंगर अजून उभे आहेत, वारा सुटला की तीच धूळ वस्तीत येते.

हे एवढं मी का वाचलंय ते सांगतो. मी स्वतः चिऱ्यांच्या खाणीवर होतो, जांभ्याची धूळ लाल, दिसते, अंगावर बसते, धुतली की जाते. पण माझे काका तळकोकणातल्या एका सिलिका वाळूच्या, म्हणजे त्याच गारेच्या वाळूच्या, खाणीवर होते, चौदा वर्षं. तिथली धूळ पांढरी आणि बारीक. तोंडाला बांधायला घरचा पंचा. खोकला लागला तेव्हा टीबी म्हणून औषधं दिली, सहा महिने, मग परत सहा महिने, वजन उतरत गेलं, शेवटी मोठ्या शहरातल्या डॉक्टरने एक्सरे बघून पहिला प्रश्न विचारला, काम काय करता? तोवर कुणी विचारलंच नव्हतं. मालकाने हजेरीपट दाखवला नाही, कागदच नाहीत म्हणाला. काका बावन्नाव्या वर्षी गेले. शेवटी शेवटी विहिरीपर्यंत जायला तीनदा बसायचे.

पोरांना बर्फाची गोष्ट जरूर सांगा, त्यांना आवडेल. पण धुळीचीही सांगा, कारण तुमच्या समोर बसलेल्यांतलं एखादं पोर उद्या क्रशरवर जाईल.

पऱ्याकाठचा

तिघांचेही मनापासून आभार. चिरेखाणीवाले दादा, तुमच्या काकांचं वाचून मी उठून अंगणात जाऊन आलो. आईला सगळं वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग तुमच्या काकांचं नाव काय म्हणून विचारलं. मला माहीत नव्हतं. इथे लिहू नका, पण तिने विचारलं हे तुम्हाला कळवावंसं वाटलं.

क्लोंडाइक सगळ्यात भयंकर हे माझं मत मी सोडतोय. एका दिवशी कडा कोसळून साठ माणसं गेली ती तारखेसकट लिहिलेली आहेत, धुळीने गेलेल्याला तारीख नाही, बहुतेक म्हणूनच मला ते आधी दिसलं नाही. रविवारची सुरुवात मी आता चिलकूटच्या पायऱ्यांनी न करता एक्सरे बघणाऱ्या डॉक्टरच्या प्रश्नाने करणार आहे, दादांची हरकत नसेल तर, गावाचं आणि खाणीचं नाव न घेता. मग मागे मागे जात नदीपर्यंत यायचं.

एकच अडचण, नदीवर सोनं धुतात म्हणजे काय करतात ते नुसतं सांगून मुलांना दिसणार नाही. सोनं तर नाहीच, काही सोपं सुचतंय का कुणाला?

काळी_पुळण

सोपं आहे आणि आपल्याच किनाऱ्यावर आहे. आम्ही रत्नागिरीजवळचे. आपल्या बऱ्याच पुळणींवर काळ्या वाळूचे पट्टे असतात, विशेषतः पाऊस संपल्यावर, ती इल्मेनाइट, लोखंड आणि टायटॅनियमची जड वाळू. साध्या पांढऱ्या वाळूपेक्षा जवळजवळ पावणेदोन पट जड. थोडी काळी-पांढरी मिसळलेली वाळू पसरट परातीत घ्या, पाणी घाला, परात गोल हलवत एका बाजूने जरा जरा कलती करा, पांढरी वाळू पाण्याबरोबर निघून जाते आणि तळाच्या कडेला काळी रेघ राहते. सोनं धुणाऱ्यांच्या परातीतही शेवटी अशी काळी वाळूच उरते आणि सोनं तिच्यातच असतं, कारण ते पाण्याच्या १९ पट जड. हात बसायला वेळ लागतो, पहिल्या चार-पाच वेळा सगळंच वाहून जाईल, जाऊ दे.

आपल्याकडे हे काम झारेकऱ्यांचं. माझ्या आजोळी सराफकट्ट्यावर झारेकरी यायचे, सोनारांच्या दुकानापुढची धूळ आणि गटारातला गाळ गोळा करून असाच धुवायचे. बारीक कण पाऱ्याला चिकटवून घ्यायचे आणि पारा जाळून सोनं उरवायचे, ती वाफ अंगात जायची ती वेगळीच. कॅलिफोर्नियातही पाराच वापरला, इतका, की तिथल्या काही तलावांतले मासे आजही बेताने खा असं सांगतात. आपण मासे खाणारी माणसं, मुलांना हे लागेल.

आणि एक, क्लोंडाइकहून हात हलवत निघालेले बरेच जण १८९९-१९०० ला अलास्कात नोमला गेले. तिथे सोनं चक्क समुद्राच्या पुळणीत होतं, आणि भरतीच्या पट्ट्यावर कुणाची मालकी चालत नव्हती, जो तो जागा धरून धुवायचा, मैलोन्मैल तंबू.

तुम्हाला वाळू हवी तर परवा ओहोटीला दोन डबे भरून ठेवते. आमचा मुलगा शनिवारी देवरुखला येतोय, त्याच्याकडे देते, निरोप पाठवा.

पऱ्याकाठचा

ताई, पाठवाच. दोन डबे पुरतील, परात आईची पितळी आहे, काठ उथळ आहे तिचा. वाचनालयाच्या मागे पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, अजून घोटाभर पाणी आहे, तिथेच बसवतो सगळ्यांना. आई म्हणतेय मीही येणार, पाट तेवढा घेऊन चल.